नखे कापू न देणारा राखणीचा कुत्रा : सवय कशी लावावी?

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव परिसरात आखाड्यावर राखणीला कुत्रा ठेवण्याची पद्धत जुनी आहे. रोही आणि रानडुकरे पिकात शिरली, रात्री अनोळखी माणूस गोठ्याकडे आला, की पहिली चाहूल कुत्र्यालाच लागते. असे असूनही कुत्र्याच्या निगेकडे आपले लक्ष कमीच असते. पोळ्याला बैल धुतले जातात, खांदेमळणी होते, शिंगे रंगवली जातात, खुरांवरून हात फिरतो. कुत्र्याचा पंजा मात्र तो लंगडू लागल्याशिवाय कोणी उचलून पाहत नाही. आणि लंगडू लागल्यावर पाहायला जावे तर कुत्रा हात लावू देत नाही, गुरगुरतो, प्रसंगी चावतो.

मग चार माणसे मिळून त्याला दाबून धरतात आणि हाताला येईल त्या हत्याराने नखे कापतात. त्या दिवशी काम होते, पण पुढच्या वेळी तोच कुत्रा पायाला बोटही लावू देत नाही. पायात काटा मोडला, जखमेत किडे पडले किंवा रेबीजची लस टोचायची वेळ आली तरी त्याला धरता येत नाही. म्हणून नखे कापताना नखापेक्षा कुत्र्याचा विश्वास जपणे अधिक महत्त्वाचे आहे. हे काम घाई न करता कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

नखे का वाढतात?

कुत्र्याची नखे आपल्या नखांप्रमाणे सतत वाढत असतात. टणक जमिनीवर भरपूर पळणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. मुरमाड माळावर मेंढरांमागे दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्याची नखे सहसा कापावी लागत नाहीत. आपल्याकडील काळ्या जमिनीत मात्र गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात ही जमीन मऊ व चिकट होते, त्यामुळे नखे घासली जात नाहीत. त्यातच कुत्रा दिवसभर साखळीला बांधलेला असेल तर झीज जवळजवळ होतच नाही. म्हातारी व कमी हिंडणारी कुत्री आणि घरात फरशीवर राहणारी लहान जातीची कुत्री यांचीही नखे लवकर वाढतात.

पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून थोडे वर एक नख असते. आपण त्याला अंगठ्याचे नख म्हणू. हे नख जमिनीला टेकतच नाही. त्यामुळे कुत्रा कितीही पळाला तरी ते फारसे झिजत नाही. पुढच्या दोन्ही पायांना हे नख असते. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही असते. म्हणजे सर्वसाधारण कुत्र्याला पुढच्या प्रत्येक पायाला ५ आणि मागच्या प्रत्येक पायाला ४ अशी एकूण १८ नखे असतात. बाकीची १६ नखे झिजलेली दिसली तरी अंगठ्याची नखे वेगळी तपासावीत.

वाढलेल्या नखांचे दुष्परिणाम

१) नखे जमिनीला टेकू लागली की प्रत्येक पावलाला बोट मागे ढकलले जाते. कुत्रा पाऊल नीट टेकवत नाही, चाल बिघडते आणि सांध्यांवर ताण येतो. म्हाताऱ्या कुत्र्याला याचा त्रास जास्त होतो.

२) लांब नख जाळीत, पोत्यात, तारेच्या कुंपणात किंवा उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगेत अडकते आणि मुळापासून उपटते. ही जखम फार दुखते व तिच्यातून रक्तही बरेच जाते.

३) अंगठ्याचे नख वाढत वाढत गोल वळते आणि त्याचे टोक पायाच्या मांसात किंवा गादीत रुतते. केस लांब असतील तर हे वरून दिसत नाही. तेथे जखम होते, ती चिघळते, माशा बसतात आणि पावसाळ्यात किडे पडतात.

४) कुत्रा अंगावर उडी मारतो तेव्हा लहान मुलांना व म्हाताऱ्या माणसांना लांब नखांनी ओरखडे पडतात.

नखे वाढली आहेत की नाही हे ओळखणे सोपे आहे. कुत्रा सपाट, टणक जागेवर सरळ उभा असताना नखांची टोके जमिनीला टेकत असतील, किंवा फरशीवरून चालताना टिकटिक असा आवाज येत असेल, तर नखे कापण्याची वेळ झाली असे समजावे.

नखाची रचना

नख वरून कठीण दिसले तरी आत मुळाकडच्या भागात जिवंत मांस असते. त्यात रक्तवाहिनी आणि संवेदना देणाऱ्या नसा असतात. यालाच जिव्हाळी म्हणतात. आपल्या बोटाच्या जिव्हाळीला धक्का लागला की जसा जीव कळवळतो, तसाच कुत्र्याचाही कळवळतो. जिव्हाळीच्या पुढे असलेले टोक मात्र निर्जीव असते. ते कापल्याने काहीही दुखत नाही.

पांढरी नखे असलेल्या कुत्र्याची जिव्हाळी उजेडात गुलाबी रेघेसारखी दिसते. तिच्या अलीकडे सुमारे २ मि.मी. जागा सोडून नख कापावे. काळ्या नखांत जिव्हाळी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तेथे अंदाजाने एकदम मोठा तुकडा कधीही कापू नये.

नखे बरेच दिवस वाढू दिली तर जिव्हाळीही त्यांच्याबरोबर पुढे सरकते. अशी नखे एकाच दिवसात पूर्वीसारखी आखूड करता येत नाहीत. दर ८ ते १५ दिवसांनी फक्त टोक कापत राहिल्यास जिव्हाळी हळूहळू मागे हटते आणि काही आठवड्यांत नख योग्य लांबीवर येते.

कुत्रा नखे का कापू देत नाही?

कुत्रा 'खोडील' आहे म्हणून नखे कापू देत नाही, असे समजणे बरोबर नाही. त्याच्या विरोधामागे बहुधा पुढीलपैकी एखादे कारण असते.

अ) पूर्वी केव्हातरी जिव्हाळी कापली गेलेली असते. ती वेदना कुत्रा विसरत नाही. कात्रीचा आवाज ऐकला, नुसती कात्री दिसली तरी तो सावध होतो.

ब) एरवी कोणी त्याच्या पायाला हात लावत नाही. पाय धरला जातो तो फक्त दुखापतीच्या वेळी. त्यामुळे पाय धरणे म्हणजे दुखणे, असा त्याचा समज पक्का होतो.

क) पायात आधीच दुखणे असते. बोटांच्या बेचक्यात गोचीड, काटा, कुसळ, चिघळलेली जखम किंवा सांधेदुखी असेल तर कोणताही कुत्रा पाय देणार नाही. नखाच्या मुळाशी सूज किंवा पू दिसत असेल, किंवा अनेक नखे एकदम तुटू लागली असतील, तर सवय लावण्याच्या भानगडीत न पडता आधी पशुवैद्यकांना दाखवावे.

ड) त्याला दाबून धरलेले असते. पत्र्या मारताना बैलाला दोराने पाडतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्याच पद्धतीने कुत्र्यालाही पाडावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु पाडलेल्या कुत्र्याला सुटकेचा मार्ग दिसत नाही आणि मग त्याच्याकडे दात हे एकच साधन उरते. एकदा चावून सुटका झाली की पुढच्या वेळी तो लवकर चावतो.

यातूनच उपाय सापडतो. पायाला हात लागणे आणि कात्रीचा आवाज होणे या गोष्टींचा संबंध कुत्र्याच्या मनात वेदनेशी जुळलेला आहे. तो तोडून आवडत्या खाण्याशी जोडायचा. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी खाण्याआधी ठरावीक खूण वारंवार दिली, तेव्हा काही दिवसांनी नुसत्या त्या खुणेनेच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागल्याचे दिसून आले. येथे आपण तेच तत्त्व वापरणार आहोत.

लागणारे साहित्य

१) कुत्र्यांसाठी मिळणारी नखे कापण्याची धारदार कात्री. मोठ्या कुत्र्यासाठी मजबूत कात्री घ्यावी. पक्कड, अडकित्ता, विळा किंवा ब्लेड वापरू नये. बोथट हत्याराने नख कापले न जाता चेंगरते, चिरते आणि कुत्र्याला दुखते.

२) बारीक दातांची कानस किंवा काचकागद, टोके घासून गुळगुळीत करण्यासाठी.

३) रक्त थांबवण्यासाठी तुरटीची बारीक पूड व स्वच्छ कापड.

४) आवडीचे खाणे. रोजच्या भाकरीपेक्षा वेगळे काहीतरी हवे. उकडलेले अंडे, उकडलेल्या कोंबडीचे हाड काढलेले मांस किंवा पनीर यांचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करावेत. कांदा घातलेला रस्सा, मनुका, द्राक्षे, चॉकलेट व शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती कुत्र्याला अपायकारक आहेत.

हे खाणे फक्त याच कामासाठी राखून ठेवावे. एरवीही तेच मिळत असेल तर त्याची गोडी राहत नाही.

सवय लावण्याची पद्धत

संध्याकाळी कुत्र्याला फिरवून आणावे आणि रोजचे जेवण देण्यापूर्वी हे काम करावे. त्या वेळी तो थोडा दमलेला व भुकेला असतो. जागा शांत असावी. फरशी गुळगुळीत असल्यास पोते अंथरावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. ज्या माणसावर कुत्र्याचा सर्वांत जास्त विश्वास आहे, त्यानेच सुरुवात करावी. एका वेळी ३ ते ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पर्श, मग खाणे. खाणे आधी दाखवून पाय धरल्यास कुत्र्याला खाण्याचाही संशय येऊ लागतो. स्पर्श झाला की लगेच तुकडा द्यावा. हात काढला की तुकडे देणेही थांबवावे.

पहिली पायरी : खांद्यावर हात ठेवावा, तुकडा द्यावा. असे ८-१० वेळा करावे.

दुसरी पायरी : हात खांद्यावरून कोपरापर्यंत आणि तेथून पंजापर्यंत हलकेच फिरवावा व तुकडा द्यावा. कुत्रा पाय ओढून घेईल तेथे थांबावे आणि पुढच्या खेपेला त्याच्या थोडे अलीकडेच हात नेऊन परत घ्यावा.

तिसरी पायरी : पंजा क्षणभर हातात घ्यावा, सोडावा, तुकडा द्यावा. हळूहळू धरण्याचा वेळ १ सेकंदापासून १० सेकंदांपर्यंत वाढवावा.

चौथी पायरी : एकेक बोट हलके दाबून नख पुढे आणावे, सोडावे, तुकडा द्यावा. याच वेळी बोटांची बेचकी पाहून गोचीड, काटे यांची तपासणी होते.

पाचवी पायरी : कात्री नुसती जमिनीवर ठेवावी. कुत्रा तिच्याकडे पाहील किंवा हुंगेल तेव्हा तुकडा द्यावा. त्यानंतर कात्री हातात घ्यावी व तुकडा द्यावा.

सहावी पायरी : कुत्र्यापासून थोड्या अंतरावर कात्रीने वाळलेली काडी कापून आवाज करावा, तुकडा द्यावा. रोज थोडे जवळ यावे.

सातवी पायरी : पंजा हातात घेऊन नखाला कात्री नुसती टेकवावी. कापू नये. तुकडा द्यावा.

आठवी पायरी : एकाच नखाचे अगदी लहान टोक कापावे. तुकड्यांची मूठच समोर सोडावी आणि त्या दिवसाचे काम तेथेच संपवावे.

प्रत्येक पायरीला साधारण २ ते ४ दिवस लागतात. कुत्रा निवांत उभा राहत असेल, शेपटी व अंग सैल असेल आणि तो पुढच्या तुकड्याची वाट पाहत असेल, तरच पुढच्या पायरीवर जावे. पूर्वी फार दुखावलेल्या कुत्र्याला दोन-तीन महिनेही लागू शकतात. घाईने एक पायरी गाळली तर चार पायऱ्या मागे यावे लागते.

कुत्र्याची भाषा ओळखा

चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा अनेक इशारे देतो. तोंड वळवणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, कान मागे घेणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ करणे आणि खाणे नाकारणे ही भीतीची लक्षणे आहेत. त्यापैकी काहीही दिसले की हात काढावा आणि आधीच्या पायरीवर यावे.

गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नये. गुरगुरणे म्हणजे 'थांबा' असे सांगणे. मार खाऊन गुरगुरणे सोडलेला कुत्रा भीती सोडत नाही. तो फक्त सूचना देणे सोडतो आणि एकदम चावतो. घरात लहान मुले असतील तर असा कुत्रा अधिक धोक्याचा ठरतो.

प्रत्यक्ष नखे कशी कापावीत?

१) कुत्र्याला बसलेल्या, उभ्या किंवा आडव्या, त्याला सोयीच्या अवस्थेत राहू द्यावे. पाय बाजूला ओढू नये किंवा पिरगळू नये. पुढचा पाय सांध्यात दुमडून मागच्या बाजूला वळवल्यास नखे खालून नीट दिसतात.

२) अंगठा गादीवर व तर्जनी बोटाच्या वर ठेवून हलका दाब द्यावा. नख पुढे येते. केस मागे सारावेत.

३) टोक थोडे तिरपे, सुमारे ४५ अंशात कापावे. एका वेळी १ ते २ मि.मी. पेक्षा जास्त कापू नये.

४) काळ्या नखाचा प्रत्येक काप घेतल्यावर कापलेला भाग समोरून पाहावा. सुरुवातीला तो कोरडा व पांढुरका किंवा भुरका दिसतो. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की जिव्हाळी जवळ आली असे समजून थांबावे.

५) उन्हाळ्यात व थंडीत नखे वाळून टणक होतात आणि कापताना चिरतात. अशा वेळी आधी १० मिनिटे पाय ओले ठेवावेत किंवा अंघोळ घालून मग नखे कापावीत.

६) अंगठ्याची नखे विसरू नयेत.

सर्व १८ नखे एकाच दिवशी कापली पाहिजेत असे मुळीच नाही. भित्र्या कुत्र्यासाठी 'रोज एक नख' हा नियम उत्तम. आज एक, उद्या दुसरे, असे केल्यास १८ दिवसांत फेरी पूर्ण होते आणि तोवर पहिले नख पुन्हा कापण्याजोगे होते. भाकरी टाकण्याआधी एक नख, एवढेच हे रोजचे काम आहे. ते कुत्र्यालाही जड जात नाही आणि आपल्यालाही नाही.

दोन माणसे असतील तर एकाने तुकडे द्यावेत व दुसऱ्याने नख कापावे. तुकडे देणाऱ्याने कुत्र्याला धरून ठेवू नये.

रक्त आल्यास

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी जिव्हाळीला धक्का लागतो. अशा वेळी घाबरून आरडाओरड करू नये. चिमूटभर तुरटीची पूड नखाच्या टोकावर लावून स्वच्छ कापडाने ५ मिनिटे सलग दाबून धरावे. मधूनमधून कापड उचलून पाहू नये. तुरटी नसल्यास कोरडे पीठ लावून दाबले तरी चालते. रक्त थांबल्यावर कुत्र्याला काही वेळ चिखलात व शेणात जाऊ देऊ नये.

जखमेवर चुना, तंबाखू, रॉकेल किंवा बॅटरीतील पावडर लावू नये. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. त्यांपैकी अनेक गोळ्या कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडाला व यकृताला घातक ठरतात. दाबूनही १५-२० मिनिटांत रक्त थांबले नाही तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

रक्त आलेल्या दिवसानंतर २-३ दिवस कात्री बाजूला ठेवावी. पुन्हा चौथ्या पायरीपासून सुरुवात करावी.

कात्रीविना उपाय : घासण्याची फळी

काही कुत्री कात्रीला शेवटपर्यंत सरावत नाहीत. त्यांच्यासाठी एक सोपा, कमी खर्चाचा उपाय आहे. सुमारे २ फूट लांब व १ फूट रुंद लाकडी फळी घ्यावी. तिच्यावर ८० नंबरचा काचकागद घट्ट चिकटवावा. फळी जमिनीवर तिरपी धरावी. फळीखाली किंवा फळीवर ठेवलेल्या कापडाखाली खाण्याचा तुकडा दडवला की कुत्रा पंजाने उकरू लागतो. उकरले की लगेच तुकडा द्यावा. चार-सहा दिवसांत 'फळी दिसली की उकरायचे' हे त्याला समजते. मग कापड काढून टाकावे.

यात कोणी पाय धरत नाही, कात्रीचा आवाज नाही. कुत्रा स्वतःच नखे घासतो. दिवसाला ८-१० वेळा उकरणे पुरेसे आहे. गादी खरचटत नाही ना, नखातून रक्त येत नाही ना, हे पाहावे. या फळीने प्रामुख्याने पुढच्या पायांची नखे झिजतात. अंगठ्याची नखे मात्र फळीला लागत नाहीत. ती वेगळी कापावीच लागतात.

याच्या जोडीला कुत्र्याला रोज टणक रस्त्यावर किंवा मुरमाड वाटेने फिरवावे. त्याला चोवीस तास बांधून ठेवू नये. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. फार आखूड किंवा जड साखळीला अवास्तव वेळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे, हे दोन्ही त्याच्या कलम ११ नुसार गुन्हे आहेत.

तातडीची वेळ आल्यास

नख मांसात रुतले असेल, मुळापासून उपटले असेल किंवा जखमेत किडे पडले असतील तर आठवडाभर सवय लावत बसणे योग्य नाही. असे नख घरी ओढून काढू नये. पशुवैद्यक गुंगीचे किंवा भुलीचे औषध देऊन ते वेदनेविना काढू शकतात. दवाखान्यात नेण्यापूर्वी कुत्र्याला खाऊ घालावे की उपाशी ठेवावे हे त्यांनाच विचारावे. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. कुत्र्याला नेणे शक्य नसल्यास पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारणा करावी. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते पूर्वी कृषी विद्यापीठाकडे होते. आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

दवाखान्यात नेताना कुत्रा चावण्याची शक्यता असेल तर मुसके घालावे. जाळीचे मुसके सर्वांत चांगले, कारण त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येते. ते नसल्यास मऊ सुती कापडाची सुमारे १ मीटर लांबीची पट्टी घ्यावी. तिचा फास जबड्यावर सैलसर टाकून पहिली गाठ वर, दुसरी हनुवटीखाली व शेवटची कानांमागे सहज सुटेल अशी बांधावी. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापूनच अंग थंड ठेवतो. म्हणून पट्टी दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये. उन्हात, वांती होत असताना किंवा श्वासाचा त्रास असताना ती मुळीच बांधू नये. जाळीच्या मुसक्याचीही खाण्याच्या आमिषाने आधीच सवय लावून ठेवल्यास ऐन वेळी त्रास होत नाही.

चावा किंवा ओरखडा बसल्यास

आपलाच कुत्रा आहे म्हणून चाव्याकडे दुर्लक्ष करू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र वेळेवर उपचार घेतल्यास तो टाळता येतो. जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, मिरची, चुना किंवा तेल लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना लसीच्या सर्व मात्रा घ्याव्यात. मधली मात्रा चुकवू नये. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी टोचून घ्यावी. लस झालेली नसेल अशा कुत्र्यावर नखे कापण्याचा प्रयोग सुरू करण्यापूर्वी ती टोचून घेणे शहाणपणाचे.

पिलापासूनच सुरुवात

ज्यांच्याकडे नवीन पिलू आले आहे त्यांना ही सर्व खटपट टाळता येते. साधारण साडेतीन महिन्यांपर्यंतच्या वयात पिलू नवीन गोष्टी भीती न बाळगता लवकर स्वीकारते. या काळात रोज एक मिनिट त्याचे पंजे, कान व तोंड हाताळावे, नखाचे केसाएवढे टोक कापावे आणि तुकडा द्यावा. घरातील दोन-तीन माणसांनी हे करावे, म्हणजे मोठेपणी कोणीही पाय धरला तरी कुत्रा बिचकत नाही.

लक्षात ठेवा

• महिन्यातून दोनदा सर्व नखे पाहावीत. अंगठ्याची नखे आधी पाहावीत.
• आधी स्पर्श, मग खाणे, हा क्रम मोडू नये.
• रोज एक नख कापले तरी पुरे.
• काळ्या नखाचे पातळ काप घ्यावेत. मध्ये ठिपका दिसला की थांबावे.
• तुरटीची पूड हाताशी असल्याशिवाय कात्री उचलू नये.
• गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. मागच्या पायरीवर यावे.
• रुतलेले किंवा उपटलेले नख पशुवैद्यकांकडूनच काढून घ्यावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वरील पद्धतीला काही आठवडे लागतात हे खरे. पण कुत्रा आपल्याकडे दहा-बारा वर्षे राखण करतो. या काळात त्याच्या पायात काटा मोडेल, जखमा होतील, वर्षातून एकदा सुई टोचावी लागेल. त्या प्रत्येक वेळी त्याने निर्धास्तपणे पंजा आपल्या हातात दिला, तर या काही आठवड्यांची मेहनत सार्थकी लागली असे समजावे. आज संध्याकाळी भाकरी टाकण्यापूर्वी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवून एक तुकडा द्या. कात्रीची गरज अजून नाही.